भाऊ व्हिडिओ काढतो, फोन बाईंना येतात

नमस्कार काकू,

मी नागपूरच्या मानेवाड्याला राहते. वय 34, लग्न झालंय, माहेर दोन गल्ल्या सोडून आहे. लहान भाऊ 26 वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी नोकरी सुटली तेव्हा त्यानं यूट्यूबवर चॅनेल काढलं. आधी नागपूरचे रस्ते, पाणीपट्टी, नाग नदी असले विषय घ्यायचा. तीनशे-चारशे लोक पाहायचे. मग एकदा एका नटीच्या बोलण्यावर त्यानं तोंड सोडलं आणि तो व्हिडिओ लाखावर गेला. तेव्हापासून रोज कोणाचं तरी एखादं वाक्य उचलायचं आणि त्यावर आगपाखड करायची, हाच धंदा झालाय.

गेल्या महिन्यात त्यानं आमच्याच प्राथमिक शाळेतल्या बाईंना धरलं. दोघांनाही त्यांनीच मुळाक्षरं शिकवली. स्नेहसंमेलनात बाई म्हणाल्या, "शुद्ध मराठीचा हट्ट सोडा." तेवढंच कापून भावानं वर लिहिलं, 'अभिजात मराठीचा अपमान? मराठीच्याच शिक्षिकेचं धक्कादायक विधान!' तीन लाख लोकांनी पाहिलं. बाईंना रात्री-बेरात्री फोन येतात, कोणीही शिव्या देतं. परवा मी त्यांच्या दारावरून गेले. बाई रांगोळी काढत होत्या. मला पाहिलं, रांगोळीची वाटी उचलली आणि आत निघून गेल्या. दर रविवारी वस्तीतल्या पोरांना फुकट शिकवणारी बाई आहे हो ती.

भावाशी बोलले तर म्हणतो, "ताई, टीव्हीवरचे मोठमोठे अँकर हेच तर करून राहिले. त्यांना लोकं डोक्यावर घेते, मी केलं तर पाप?" मला उत्तर सुचलं नाही. घराच्या कर्जाचा हप्ता आता त्याच्याच पैशातून जातो. आईला वाटतं मी त्याच्यावर जळते. मी दुसऱ्या नावानं त्याच्या व्हिडिओखाली जाऊन लोकांशी भांडते, तेही थकले. काय करू?

– एक ताई


बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा मी त्या रांगोळीच्या वाटीपाशी थांबले. तू विचारतेस भावाचं काय करू, पण तुला खुपतंय ते बाईंचं आत निघून जाणं. ते खुपतंय हे बरं आहे. सुरुवात तिथूनच करायची आहे. पण आधी तुझ्या भावाच्या प्रश्नाला उत्तर देऊ, कारण त्याचा प्रश्न खरा आहे आणि तू निरुत्तर झालीस म्हणून त्याला आपण जिंकलो असं वाटतंय.

टीव्हीवर काय चालतं ते त्याला दिसतं, तसं मलाही दिसतं. गडचिरोलीतल्या एखाद्या नाल्यावरचा पूल वाहून गेला तर तिथं बातमीदार आणि कॅमेरा पाठवायला गाडी लागते, डिझेल लागतं, मुक्काम लागतो, आणि दोन दिवसांनी हाती येते तीन मिनिटांची बातमी. त्यापेक्षा सहा माणसांना संध्याकाळी आपापल्या घरून चौकटीत बसवलं आणि त्यांच्यात जुंपवून दिली की तासभर भरून निघतो. खर्च जवळजवळ नाही. त्यातून हे मोजतात कसं, तेही बघ. 2020 मध्ये देशभरात साधारण 44 हजार घरांत मीटर बसवलेले होते. अशा घरांत रिमोटवर काय दाबलं जातं त्यावरून अख्ख्या देशानं काय पाहिलं ते ठरतं, आणि त्यावर जाहिरातीचे दर. ऑक्टोबर 2020 मध्ये टीआरपीच्या घोटाळ्याचे आरोप झाले, तेव्हा प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेनं बातम्यांच्या चॅनेलांचे आकडे देणं थांबवलं. ते पुन्हा सुरू झाले मार्च 2022 मध्ये. जवळजवळ दीड वर्ष आकडे नव्हते, तरी आरडाओरडा कमी झाला नाही. तोवर बोलणाऱ्यांना सवय लागली होती आणि ऐकणाऱ्यांनाही.

मोबाइलचं गणित याहून सरळ आहे. फेसबुकनं 2017 पासून काही काळ रागाच्या चेहऱ्याला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. म्हणजे माणसाला एखादी गोष्ट आवडली तर ती एकदा मोजायची, संताप आला तर पाचदा. हे 2021 मध्ये कंपनीच्याच आतल्या कागदांवरून बाहेर आलं. त्याआधीच, 2020 मध्ये, त्यांनी ते वजन शून्यावर आणलं होतं, पण तोपर्यंत संतापाचं पीक किती येतं ते सगळ्यांना कळलं होतं. यूट्यूबवर एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहणं झालं की जाहिरातीचा वाटा मिळायला लागतो, मोठ्या व्हिडिओवर शंभरातले पंचावन्न रुपये व्हिडिओ करणाऱ्याला. बघणारा खूश होऊन बघतोय की दात-ओठ खाऊन, हे त्या हिशेबात कुठंच येत नाही.

म्हणून तुझ्या भावाला मी वाईट मुलगा म्हणणार नाही. चार दिवस नाग नदीच्या काठानं फिरून, वास सहन करून, त्यानं एक व्हिडिओ केला आणि तीनशे लोकांनी पाहिला. दोन तास खुर्चीत बसून एका बाईमाणसाला बोल लावला, तर लाख. नोकरी गेलेल्या पोरानं त्या रात्री तो आकडा वाढताना पाहिला असेल. त्याला काय वाटलं असेल ते मला कळतं, कारण मीही एकदा त्या चवीला भुलले होते.

मी एका पेपरच्या डेस्कवर होते. पेपरचं नाव सांगत नाही. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. एका वस्तीत रेशन दुकानात साखर मिळत नाही अशी तक्रार आली. रात्रीचे साडेदहा, पान लागायचं होतं, आणि मी मथळा दिला, 'साखरेला पाय फुटले?' खाली वस्तीचं नाव. दुकान एकच, त्यामुळे दुकानदाराचं नाव लिहायची गरजच नव्हती. सकाळी संपादकांनी पाठ थोपटली. दुपारी तो दुकानदार आला. पंचावन्नच्या पुढचा माणूस, पांढरा लेंगा, काखेत साठ्याचं रजिस्टर. ओरडला नाही. रजिस्टर माझ्या टेबलावर उघडून ठेवलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. गोदामातून त्या महिन्यात साखर आलीच नव्हती. मी म्हटलं, "आम्ही चोरी झाली असं कुठं म्हटलं? प्रश्नचिन्ह आहे ना." तो म्हणाला, "बाई, ते प्रश्नचिन्ह कोणी वाचलंच नाही."

खुलासा छापला, तीन ओळींचा, आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी. मथळा पहिल्या पानावर होता. इतकी वर्षं झाली, तरी बातमीच्या मथळ्यात प्रश्नचिन्ह दिसलं की मला त्या माणसाचं बोट दिसतं. तुझ्या भावाच्या मथळ्यातही ते आहे बघ. 'अपमान?' प्रश्नचिन्ह लावलं की आळ घेतल्याचा दोष आपल्यावर येत नाही आणि आळ मात्र बसतो.

आता तो म्हणेल की वाद तर पूर्वीपासून होते, टिळक-आगरकर काय गोड बोलायचे का? त्याला तेही सांग. 1882 मध्ये कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांविरुद्ध केसरी आणि मराठा या त्यांच्या वृत्तपत्रांत मजकूर आला. ज्या पत्रांच्या आधारावर तो लिहिला होता ती बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरीही शिक्षा झाली, आणि दोघं डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहून आले. पुढे दोघांचं आपसात बिनसलं. आगरकरांनी 1888 मध्ये सुधारक काढला, समाजाला न रुचणारं लिहीत राहिले, आणि लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. कडक बोलण्याला माझी ना नाही. आगरकरांनी आपल्या मताची किंमत स्वतः भरली. तुझ्या भावाच्या व्हिडिओची किंमत बाई भरताहेत आणि पैसे त्याला मिळताहेत. अँकर मोठा असो की मानेवाड्याचा पोरगा, मी एवढंच विचारीन, समोरच्याचं पूर्ण बोलणं ऐकून तुला राग आला, की राग आणायचाच होता म्हणून तू त्यातलं वाक्य शोधलंस?

बाईंच्या बाबतीत उत्तर तुझ्या पत्रातच आहे, तुझ्या लक्षात आलं का माहीत नाही. "शुद्ध मराठीचा हट्ट सोडा," एवढं एक वाक्य. पण प्राथमिकच्या बाई आहेत त्या. वऱ्हाडी, झाडीबोली बोलणारी, घरी हिंदी-छत्तीसगढी बोलणारी लेकरं पहिलीत येतात, एकदा 'अशुद्ध' म्हणून हसू झालं की वर्षभर तोंड उघडत नाहीत, हे प्राथमिकच्या कुठल्याही शिक्षकाला विचार. बाईंच्या वाक्याच्या मागेपुढे बहुधा हेच असणार. बहुधा म्हणते, कारण मी भाषण ऐकलेलं नाही. तूही नाही. आणि पैज लावून सांगते, तुझ्या भावानंही पूर्ण ऐकलेलं नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याचा आनंद मलाही आहे. पण तो दर्जा पुढे करून त्यानं ज्या बाईला झोडपलं, ती बाई "काय करून राहिले"ची बाजू घेत असावी. तो घरात तुझ्याशी जी बोलतो, त्याच बोलीची.

म्हणून पहिलं काम हे कर. शाळेकडून संमेलनाचं पूर्ण चित्रण मिळव. एखाद्या पालकाच्या मोबाइलमध्येही असेल. ते घेऊन भावाला घराबाहेर काढ. आईसमोर नको, आणि रात्री व्हिडिओ टाकल्यावर तर अजिबात नको, त्या वेळी तो आकडे बघत असतो. सकाळी लवकर फुटाळा तलावावर ने, नाहीतर तर्री-पोहे खायला. तुझं भाषण त्याला देऊ नकोस, बाईंचं ऐकव. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दोघांनी एकेक इयरफोन कानात घालून. ऐकून झाल्यावर तू काही बोलू नकोस. त्याला आधी बोलू दे.

तो वितळला तर तिथंच थांबू नका, कारण यापुढे एक मोठी चूक होऊ शकते. त्याच्या डोक्यात लगेच येईल की कॅमेरा घेऊन बाईंकडे जाऊ, पाया पडू, 'माझ्या बाईंची मी माफी मागितली' असा व्हिडिओ करू. ते होऊ देऊ नकोस. हात जोडून सांगते. बाईंच्या दारात कॅमेरा गेला की माफीचाही माल झाला. बाईंकडे मोबाइल खिशात ठेवून जायचं. आणि चॅनेलवर वेगळं सांगायचं, आधीच्याच आवाजात, आधीच्याच जागी: मी वाक्य कापलं होतं, पूर्ण बोलणं हे असं होतं, माझं चुकलं, बाईंना फोन करू नका. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' ही पळवाट नको. जुना व्हिडिओ काढून टाकायचा, त्याच्या कमाईसकट सोडायचा. बाईंचं नाव, शाळेचं नाव जिथं जिथं लिहिलंय तिथून पुसायचं.

हप्त्याचं आता. हे तू पत्रात एका ओळीत उरकलंस, पण घरातलं खरं भांडण इथंच आहे, म्हणून आई तुला जळकी म्हणते. तिला पोराचं कौतुक आहेच, पण त्याहून जास्त तिला पुढच्या महिन्याच्या पाच तारखेची भीती आहे. म्हणून नीती-अनीतीवर बोलण्याआधी कागद घेऊन बसा. हप्ता किती, बाबांचं काय येतं, तू आणि तुझे यजमान मिळून सहा महिने किती हातभार लावू शकता. जमत नसेल तर बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी होतो का विचारा. यूट्यूबचा पैसा दर महिन्याला सारखा येत नाही, हे त्यालाही माहीत असेल, फक्त घरात सांगत नसेल. पोरावर हप्ता टांगून ठेवायचा आणि वर सभ्य वाग म्हणायचं, हे मला पटत नाही.

आणि त्याच्या हातात कसब आहे. बोलता येतं, कापाकापी येते, वेगानं काम करता येतं. कळमन्याच्या बाजारात संत्र्याला काय भाव निघाला, मृग बहाराची आवक कशी आहे, हे रोज पहाटे नीट सांगणाऱ्याला काटोल-नरखेडचा शेतकरी शोधत असतो. मेमधल्या उन्हात टँकर कोणत्या वस्तीत आला नाही, हिवाळी अधिवेशनात विदर्भाच्या कोणत्या प्रश्नाला खरंच उत्तर मिळालं, हे विषय आहेतच. खोटं कशाला सांगू, यावर लाख लोक येणार नाहीत. पाच हजार येतील, आणि उद्याही येतील, कारण त्यांना ती माहिती लागते.

संतापाला मात्र रोज नवा माणूस लागतो. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मारबत निघते, पुतळ्यांची मिरवणूक. काळी, पिवळी, सोबत बडगे. वर्षभराचा राग पाट्यांवर लिहितात, "घेऊन जा गे मारबत" म्हणत गावाबाहेर नेतात आणि जाळतात. संध्याकाळी माणसं घरी येऊन जेवतात. राग असतो, पण त्याला जाळायची वेळ ठरलेली असते. चॅनेलला ती वेळ परवडत नाही. काल नटी झाली, आज बाई झाल्या, उद्या कोण? त्याच्या ओळखीची माणसं संपेपर्यंत तो कुठवर जाणार, हे त्यालाच विचार.

याचं टोक कुठं जातं तेही नागपूरनं पाहिलंय. 17 मार्च 2025 च्या संध्याकाळी महाल भागात दंगल झाली, किती ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, ते आपण विसरलो नाही. त्या दिवशी अफवा मोबाइलवरून पळत होत्या. कोण बरोबर, कोण चूक, यात मी इथं शिरत नाही. पण त्या दिवसांत इतवारीतला माझा ओळखीचा एक दुकानदार शटर अर्धं खाली ओढून, हातात कुलूप धरून बसायचा, कधी पूर्ण ओढावं लागेल या विचारात. तुझा भाऊ अजून त्या विषयांना शिवलेला नाही असं पत्रावरून वाटतं. पण नटीवरून बाईंवर यायला त्याला किती दिवस लागले ते मोज. त्याला हेही माहीत असू दे की बदनामीला भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आहे, आणि ते कोणाचं चॅनेल किती मोठं आहे ते बघत नाही.

आता तुझ्याबद्दल. दुसऱ्या नावानं खाली जाऊन भांडणं आजपासून बंद. तू बाईंची बाजू घेतेस, समोरचा चार शिव्या देतो, तू परत जातेस, आणि दर वेळी व्हिडिओ आणखी चार लोकांपुढे ढकलला जातो. भावाच्या कमाईत तुझाही हात लागतोय, नकळत. मैत्रिणींना 'बघ गं किती वाईट' म्हणून पाठवत असशील, तर तेही नको. टीव्हीवरच्या भांडणालाही हेच लागू. रिमोट उचलायचा. एखाद्या चॅनेलनं खरंच खोटं किंवा विखारी दाखवलं असेल तर तारीख, वेळ, कार्यक्रम लिहून आधी त्या चॅनेलकडेच लेखी तक्रार करायची. 2021 च्या नियमांनुसार त्यांना पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग त्यांच्या वरच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. प्रेस कौन्सिलकडे धाव घेऊन उपयोग नाही, तिचा अधिकार छापील पेपर आणि वृत्तसंस्थांपुरता आहे. हे वेळखाऊ आहे. पण मी डेस्कवर असताना वाचकाचं तारीखवार पत्र आलं की संपादक ते स्वतः वाचायचे. शिव्यांची पत्रं कोणी उघडायचं नाही.

राहिला तो प्रसंग, ज्याची तुला भीती वाटते. भावानं ऐकलंच नाही तर?

मग तू बाईंच्या बाजूनं उघड उभी राहा. व्हिडिओची लिंक, तारीख, कापलेलं वाक्य आणि पूर्ण भाषण, हे सगळं एका कागदावर नीट लिहून बाईंना दे. यूट्यूबच्या तक्रार अधिकाऱ्याकडे त्या तक्रार करू शकतात. तक्रार पोचल्याचं चोवीस तासांत कळवणं आणि ठरलेल्या मुदतीत ती निकाली काढणं त्याच्यावर बंधनकारक आहे. शिव्यांचे, धमक्यांचे फोन आलेत त्यांचे नंबर टिपून सायबर पोलिसांकडे जायचं असेल तर सोबत तू जा. त्यात भावाचंही नाव निघालं, तर "बाई, तेवढं सोडा" असं म्हणायचा मोह होईल. म्हणू नकोस. त्यांनी सोडायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. आई महिनाभर बोलणार नाही कदाचित. माझ्या अंदाजानं बोलेल, कारण बाईंनी तिच्याही दोन लेकरांना शिकवलंय आणि ते ती विसरलेली नाही.

पण हे सगळं नंतर. भावाला फुटाळ्याला न्यायच्याही आधी तू एकटी बाईंकडे जा. काही घेऊन जाऊ नकोस, मिठाईही नको. त्या आत गेल्या तर दारात थांब. भावाची बाजू मांडू नकोस, त्याच्या वतीनं माफीही मागू नकोस, ती त्याची आहे. "बाई, तुम्ही त्या दिवशी काय म्हणाला होतात ते मला पूर्ण ऐकायचंय," एवढंच म्हण, आणि त्या सांगतील ते ऐक. शनिवारी जा. रविवारी त्यांच्याकडे वस्तीतली पोरं असतात.

तुझी काकू